मऊ न पडणारं पीच

“लाकूड,” देवपुजारी सर म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे वळले.

फुलमानं डब्यात ब्रश बुडवला आणि त्या झाडाच्या बुंध्यावर तांबडा पट्टा ओढला. तांबडा पट्टा म्हणजे हंगाम संपला की झाड तोडायचं. मी पिशव्यांचा गठ्ठा घेऊन मागून चालत होते. प्रत्येक झाडाची दोनचार फळं तोडायची आणि दुपारी खोलीत बसून त्यांची साखर मोजायची, हे माझं काम.

“सर, एक चावून बघू?” मी विचारलं.

“कशाला? अंगठा सांगतो ना. रंग भरलाय, दिवस भरलेत, तरी फळ दगडासारखं. असलं फळ झाडावर पिकत नाही आणि घरी नेऊनही पिकत नाही. चला पुढे.”

सरांचा अंगठा आमच्या बागेत प्रसिद्ध होता. देठाजवळ तो असा अलगद टेकवायचे की पीचवरची लवसुद्धा मोडू नये. मग डोळे बारीक करून निकाल द्यायचे. कच्चं, बरं, उत्तम, लाकूड. मला एकाच गोष्टीचं नवल वाटायचं. हा माणूस जन्मभर फळं घडवत आला, पण मी आल्यापासून त्यांना एकदाही फळ खाताना पाहिलं नव्हतं. आधी वाटलं, मधुमेह असेल. मग एकदा त्यांना चहात दोन चमचे साखर ढवळताना पाहिलं आणि तो तर्कही गेला.

ही गोष्ट चिखलदऱ्याची. मी तेव्हा नुकतीच अकोल्याहून शेतकीची पदवी घेऊन तिथे नोकरीला लागले होते. माझं गाव सावदा, म्हणजे केळीचा मुलूख. मे महिन्यात अंगावर शाल घ्यावी लागते हे मला चिखलदऱ्यालाच कळलं. खाली परतवाड्यापासून अमरावतीपर्यंत जमीन तापलेली असायची आणि वर पठारावर सकाळी बोटं गारठायची. त्या पठाराच्या एका कडेला फळझाडांच्या प्रयोगाची छोटी बाग होती. सर तिचे प्रमुख, मी त्यांची मदतनीस, आणि झाडांची सगळी राबणूक फुलमा बेठेकर आणि तिच्याबरोबरच्या बायांकडे.

सरांनी ध्यास घेतला होता तो पीचचा. पीचच्या झाडाला हिवाळ्यात भरपूर थंडी लागते. ती मिळाली नाही तर वसंतात ते फुलतच नाही. चिखलदऱ्याची थंडी त्याला तोकडी पडायची. म्हणून सरांनी थोड्या थंडीवर भागवणारी, पण आंबट आणि बारक्या फळांची एक जात आणली. दुसरी आणली उत्तरेच्या डोंगरातली, मोठ्या गोड फळांची. एकीचे पराग दुसरीच्या फुलांवर ब्रशानं टेकवून त्यांनी त्या दोघींचा संकर केला, आणि त्या बियांची रोपं आता ओळीनं उभी राहून फळाला आली होती.

एकाच आईबापाची ती सगळी लेकरं, पण एकासारखं दुसरं नव्हतं. एकाचा गर पिवळा तर एकाचा पांढरा. एकाची कोय हात लावताच सुटायची, दुसऱ्याची गराला चिकटून बसायची. मी गोंधळून जायचे आणि सरांना ते फार आवडायचं.

“सांगा वायकोळे,” एकदा ते म्हणाले, “पीचवर लव असते. आता दोन लववाल्या झाडांच्या पोटी अगदी गुळगुळीत फळाचं झाड निपजलं, तर संशय कुणावर घ्याल?”

“मधमाशीवर. तिनं बाहेरचे पराग आणले असतील.”

“छे! मधमाशीला फुलाजवळ फिरकू दिलं नव्हतं असं समजा.”

“मग नाही सांगता येत.”

“दोघांवरही घ्यायचा. गुळगुळीतपणाचा गुण दोघांच्याही अंगात असतो, पण लवेचा गुण त्याला वर येऊ देत नाही. झाड बघून तुम्हाला पत्ता लागणार नाही. ज्या लेकराला आईकडूनही तो दबलेला गुण मिळतो आणि बापाकडूनही मिळतो, त्याच्यातच तो दिसतो. साधारण चारात एकाच्या.”

असं काही सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. एरवी त्या वर्षी तो कोमेजलेलाच असायचा. कारण त्यांचं पीच घाट उतरू शकत नव्हतं. झाडावर पिकलेलं फळ टोपलीत भरून खाली पाठवलं की परतवाड्याला पोचेपर्यंत टोपलीचा तळ ओला व्हायचा. कच्चं तोडून पाठवलं तर ते सुरकुतायचं. वरिष्ठ कचेरीला असल्या फळात रस उरला नव्हता. महिनाअखेरीस डॉ. निमखेडकर नावाचे अधिकारी बाग पाहायला येणार होते. दाखवण्याजोगं काही नसेल तर पीच काढून तिथे सुरूची झाडं लावायची, असं ठरल्यातच जमा होतं.

त्या दुपारी मी पिशव्या घेऊन बसले. साखर मोजायला आमच्याकडे दुर्बिणीसारखी एक छोटी नळी होती, तिला आम्ही दुर्बीणच म्हणायचो. काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आतला आकडा वाचायचा. सकाळी सरांनी ‘लाकूड’ म्हटलेल्या झाडाचं फळ कापायला घेतलं, तर सुरी जोर लावून घालावी लागली. थेंब टाकला, दुर्बीण डोळ्याला लावली आणि पुन्हा काढून काच पुसली. आकडा तोच आला. त्या दिवसातला सगळ्यात मोठा.

मी उरलेली फोड तोंडात टाकली. कर्रकन आवाज झाला. काकडीसारखं कुरकुरीत आणि निखळ गोड, आंबटपणा नावाला नाही. वास मात्र बेताचा. मी उभ्या उभ्या अख्खं फळ संपवलं.

सर व्हरांड्यात काहीतरी लिहीत होते. मी धावत जाऊन सांगितलं.

“दुर्बीण धुवा,” ते मान वर न करता म्हणाले.

“धुतली, सर. दोनदा धुतली.”

“कच्च्या फळात एवढी साखर येईल कुठून?”

“ते कच्चं नाहीये. तुम्ही एक फोड खाऊन बघा ना.”

त्यांनी लेखणी खाली ठेवली. “वायकोळे, पीच कशाला म्हणतात? जे तोंडात विरघळतं त्याला. कुरकुरीतच खायचं असेल तर बाजारात पेरू मिळतात.” आणि ते पुन्हा लिहायला लागले.

मला राग आला, पण रागापेक्षा कुतूहल मोठं होतं. एरवी ज्यांना कुठल्याही प्रश्नाचा कंटाळा येत नाही, ते सर एक फोड तोंडात टाकायला का तयार नव्हते? मी त्या झाडाची पिशवीभर फळं खोलीवर नेली. टोपलीत मावली तेवढी टोपलीत ठेवली, उरलेली खिडकीच्या कठड्यावर मांडली. टोपलीत आधीच भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेली केळी होती. चांगली पिकलेली, ठिपके पडलेली.

पुढचे काही दिवस पावसाळ्याआधीच्या कामांत गेले. एका सकाळी केळं घ्यायला टोपलीत हात घातला तर बोट एका पीचमध्ये रुतलं. मी ते उचललं. लोण्यासारखं मऊ झालं होतं. दुसरं उचललं, तेही तसंच. खिडकीपाशी गेले. कठड्यावरची सगळी फळं अजून टणक होती, रंगही तसाच ताजा.

फळं एकाच झाडाची, एकाच खोलीत, एकाच दिवशी तोडलेली. फरक एवढाच की काहींना केळ्यांचा शेजार मिळाला होता.

केळीच्या मुलखात वाढलेल्या मुलीला यापुढे कोडं पडायचं कारण नव्हतं. भाऊंची केळी पिकवायची खोली होती. हिरवे घड आत लावून दारं घट्ट बंद करायची. घडांत पिकलेली फणी ठेवली की बाकीचा माल लवकर पिवळा पडतो, हे आम्ही पोरं बघतच मोठी झालो. पिकत्या फळातून एक वायू सुटतो आणि तो लागला की शेजारचं फळ पिकायला घेतं, हे शास्त्र मी पुढे अकोल्याला शिकले. मग माझ्या ‘लाकडा’चं काय होतं? त्याला मऊ पडता येत होतं. फक्त तो वायू स्वतःचा स्वतः तयार करता येत नव्हता.

एकदा घडलं ते योगायोगानंही घडू शकतं, म्हणून मी पुन्हा करून पाहिलं. दोन पत्र्याचे डबे घेतले. दोन्हींत त्याच झाडाची फळं ठेवली, एका डब्यात वर दोन पिकली केळी. केळीवाल्या डब्यातली फळं मऊ झाली. दुसऱ्या डब्यातली भिंतीवर मारली असती तर परत आली असती.

त्या संध्याकाळी मी एक मऊ आणि एक टणक फळ घेऊन सरांच्या घरी गेले. फाटकापाशीच मला दूध करपल्याचा वास आला. आत शिरले तर सर स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. स्टोव्ह त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर. सरांच्या पत्नी शरयूकाकू दिसत नव्हत्या.

“या, या. ही मागे गवारीच्या शेंगा तोडतेय. बसा.”

मी मऊ फळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीनं अंगठा टेकवला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“वा! हे कुठल्या झाडाचं?”

“ज्याला तुम्ही लाकूड म्हणालात त्याचं.”

“शक्य नाही. तुमच्या पिशव्या बदलल्या असतील.”

“नाही बदलल्या. हे बघा, हे दुसरंही त्याच झाडाचं. दोन्ही चावून बघा, सर. निदान वास तरी घेऊन बघा.”

त्यांनी दोन्ही फळं वर्तमानपत्रावर ठेवून दिली. एव्हाना खोलीत धूर झाला होता, माझे डोळे चुरचुरायला लागले होते. मी उठून आत धावले आणि स्टोव्ह बंद केला. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. तेवढ्यात शरयूकाकू मागच्या दारानं ओच्यात शेंगा घेऊन आल्या.

“अगं बाई! अहो, नाकासमोर दूध जळतंय आणि तुम्ही वाचत बसलात?”

“लक्ष नव्हतं,” सर म्हणाले.

“लक्ष कधी असतं हल्ली?” काकू पातेल्यात पाणी ओतत माझ्याकडे वळल्या. “यामिनी, तुला म्हणून सांगते. हा माणूस पूर्वी फाटकातून ओरडायचा, आज भरली वांगी दिसतायत म्हणून. आता पुढ्यात काय वाढलंय त्याचा पत्ता नसतो. चांगलं झालंय नाही, वाईट झालंय नाही. मी आता विचारायचंही सोडून दिलं.”

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळत गेलं. मी जायला निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत सोडायला आले.

“सर, वास कधीपासून येत नाही?”

त्यांनी फाटकाची कडी काढली, पुन्हा लावली.

“तीनेक वर्षं झाली,” ते शेवटी म्हणाले. “ताप आला होता. ताप उतरला, पण नाक काही परत आलं नाही. सुरुवातीला रोज सकाळी चहाचा कप नाकाशी धरून बसायचो. आज येईल, उद्या येईल. फळ खाल्लं तर सगळी सारखीच, गोड पाण्यात भिजवलेला कापूस. मग खायचंच सोडलं. अंगठा तेवढा शाबूत होता.”

“काकूंना माहीत नाही?”

“नाही. तिला कळलं तर ती माझ्यासाठी रोज काहीतरी नवीन करील आणि विचारील, हे कळलं का. कितीदा नाही म्हणायचं माणसानं? आणि इथे कळलं तर फळांची पारख करायला मला कोण ठेवील?”

“मी कुणाला सांगणार नाही.”

“ते राहू दे,” ते एकदम म्हणाले. “ते डबे कुठे आहेत? केळी एकात आणि दुसऱ्यात नाही, असंच ना? उद्या सकाळी घेऊन या.”

सकाळी मी डबे घेऊन गेले तेव्हा सर बागेत आधीच पोचले होते. त्यांनी दोन्ही डब्यांतली फळं दाबून पाहिली, उलटसुलट करून पाहिली, मग मला विचारलं, “या कुळात आजवर लाकूड म्हणून किती निघाली?”

मोजायला आम्हाला ओळीनं फिरावं लागलं. तांबडे पट्टे मोजणं सोपं होतं. पण गेल्या दोन हंगामांत तोडलेल्या झाडांचे नुसते खुंट उरले होते, काही गवतात बुडाले होते. फुलमा विळ्यानं गवत बाजूला करत पुढे चालली होती.

“सायेब, हेही तुमीच काढ्याले लावलं होतं,” ती एकेका खुंटाशी थांबून सांगायची. “अन् हे पण.”

शेवटच्या ओळीला पोचलो तेव्हा सर एका खुंटावर बसले. बेरीज माझ्याकडे होती, पण त्यांनी ती मनात केव्हाच केली होती.

“चारात एक,” ते म्हणाले. “अगदी नेमकं नाही, पण त्याच्या आसपास. वायकोळे, हे जमिनीमुळे नाही, पाण्यामुळे नाही. दोन्ही आईबापांच्या अंगात हे दबून होतं. फळात मऊ व्हायची सगळी ताकद आहे, नुसती सुरुवात करून द्यायला कुणीतरी लागतं. कळतंय का तुम्हाला? हे फळ झाडावर पूर्ण गोड होऊ द्यायचं, टणक असतानाच तोडायचं, दगडासारखं घाट उतरवायचं. ज्याला कुरकुरीत हवं त्यानं तसंच खावं. ज्याला मऊ हवं त्यानं अमरावतीत केळ्यांबरोबर ठेवावं!”

ते बोलता बोलता उभे राहिले होते. मग त्यांची नजर ते बसले होते त्या खुंटावर गेली. गवतातून दिसणाऱ्या खुंटांवरून त्यांनी एकदा शेवटपर्यंत पाहिलं.

“जे शोधत होतो ते दर वर्षी पिकत होतं,” ते म्हणाले. “आणि दर वर्षी मी ते तोडत होतो.”

फुलमा विळा खोचून लांब जाऊन उभी राहिली. सरांनी डब्यातून एक टणक फळ काढलं, धोतराला पुसलं आणि दात रोवले. कर्र! ते थबकले. पुन्हा एक घास घेतला. चावता चावता त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

“याचं काहीतरी लागतंय,” ते आश्चर्यानं म्हणाले. “वास नाही येत. पण दातांना लागतंय, कानात वाजतंय, गोड कळतंय. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं.”

त्यांनी ते फळ कोयीपर्यंत संपवलं.

महिनाअखेरीस निमखेडकर आले. उंच, मोजकं बोलणारे, सभ्य गृहस्थ. आम्ही फळं मांडून ठेवली होती, केळीतली आणि बिनकेळीतली. शरयूकाकूंनी पाहुण्यांसाठी किटलीतून चहा आणि डब्यातून पोहे आणले होते आणि झाडाखाली बशा मांडत होत्या. निमखेडकरांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेमका तोच प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती.

“झाड चांगलं आहे. पण दोनचार झाडांवरून हा गुण कुळातच आहे असं कसं म्हणता? या कोपऱ्यातल्या मातीचा परिणाम असेल. तुमच्या या संकरात टणक झाडं इतकी थोडीच का दिसतात?”

“थोडी नव्हती,” सर म्हणाले. “या, दाखवतो.”

त्यांनी निमखेडकरांना गवतात नेलं आणि एकेक खुंट दाखवला. निमखेडकर मोजत गेले. त्यांनाही चारात एकाचा हिशेब समजला, ते चेहऱ्यावरून दिसलं. पण मग ते थांबले.

“आणि ही सगळी तोडली कुणी?”

“मी.”

“का?”

मी पुढे झाले. आदल्या दिवशीच मी एक कारण जुळवून ठेवलं होतं. जागा अपुरी पडली, चिठ्ठ्या टाकून काही झाडं काढावी लागली. “साहेब, जागा अपुरी पडली, म्हणून चिठ्ठ्या टाकून...” मी सुरुवात केली.

सरांनी हात वर करून मला थांबवलं.

“चिठ्ठ्या टाकून काढली असती तर या मोजणीला काही अर्थ उरला नसता,” ते म्हणाले. “ही सगळी टणक होती म्हणूनच मी काढली. टणक म्हणजे कधीच न पिकणारं, असं मी धरून चाललो. चावून पाहिलं असतं तर कळलं असतं, पण मी चावून पाहत नव्हतो. तीन वर्षं झाली, मला वास येत नाही. फळाची चव मला जवळजवळ कळत नाही. हे मी कुणालाही सांगितलं नाही. या मुलीनं शोधून काढलं, आधी फळाचं आणि मग माझं.”

झाडाखाली बशी वाजली. काकू किटली हातात धरून उभ्या होत्या, चहा कपाबाहेर सांडत होता आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

निमखेडकर गवतातून परत फिरले. मग ते मांडलेल्या फळांपाशी आले, एक टणक फळ उचलून खाल्लं, आणि न बोलता दुसरं उचललं.

“झाडांना आणखी काही हंगाम मिळतील,” हात पुसत ते म्हणाले. “मी तसं लिहितो. पण देवपुजारी, निवड तुम्ही करायची नाही.”

“नाहीच करणार. वायकोळे करतील. त्यांच्याबरोबर आणखी दोघांना बसवा, एकाच्या जिभेवर सोपवू नका.”

तसंच झालं. सरांचं प्रमुखपद काही महिन्यांत गेलं, पण निवृत्त होईपर्यंत ते बागेतच राहिले. ब्रश घेऊन फुलांवर पराग टेकवायचं काम त्यांच्याइतकं हळुवार कुणालाच जमत नव्हतं. त्या पीचचं फार मोठं नाव झालं असं मी म्हणणार नाही. काही वर्षं त्याच्या टोपल्या नागपूरपर्यंत धडधाकट पोचल्या. त्याची कलमं पुढे चारदोन बागांत गेली, आणि माझी अर्धी नोकरी त्याच्याच लेकरांची चव घेण्यात गेली.

पण त्या दिवशी निमखेडकरांची जीप धूळ उडवत गेल्यावर आम्ही तिघंच झाडाखाली उरलो होतो. मी बशा गोळा करायला लागले. काकू सतरंजीवर बसल्या होत्या, सरांनी त्यांच्याकडे न बघता गार झालेला चहा उचलला होता.

“म्हणजे संक्रांतीनंतर ती आमटी केली होती,” काकू सावकाश म्हणाल्या, “मीठ घालायलाच विसरले होते मी. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. ती तुम्हाला कळलीच नाही?”

“ती कळली होती.”

“कशी? चव कळत नाही म्हणालात ना?”

“खारट, गोड, आंबट, कडू, एवढं जिभेला कळतं. वासाचं सगळं जातं. मीठ नव्हतं ते पहिल्याच घासाला कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तू विचारलं असतंस, बाकी कशी झालीये.”

काकू त्यांच्याकडे वळल्या.

“दोन वाट्या ओरपल्यात हो तुम्ही ती आमटी,” त्या म्हणाल्या. “वर भातावरही घेतलीत.”

“घेतली.”

काकूंना हसू फुटलं. तोंडाला पदर लावून त्या हसत होत्या, आणि हसता हसता त्याच पदरानं डोळे पुसत होत्या. सरांनी कप खाली ठेवला, सतरंजीवर त्यांच्या शेजारी सरकून बसले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी बशा उचलल्या आणि फुलमा पाणी काढत होती त्या विहिरीकडे निघाले.